सही माझी, हात त्यांचा

त्यांनी माझ्या तोंडाला हिरवा रंग फासला. चित्रकलेच्या कपाटातला पोस्टर कलर. ब्रशने. गालांवर, कपाळावर, कानांच्या पाळ्यांवर. अंगावर चंदेरी बेगड चिकटवलेले पुठ्ठ्याचे चिलखत, डोक्यावर तारेची दोन शिंगे. माझे वय तेव्हा बावन्न. समोर शाळेच्या सभागृहात चोवीस मुले, त्यांचे पालक, संस्थेचे अध्यक्ष, मुख्याध्यापक. आणि तिसऱ्या रांगेत माझी मुलगी वैशाली, इयत्ता नववी.

रंग फासणारा माणूस शिबिराचा प्रमुख होता. अध्यक्षांचा भाचा, मुंबईतल्या मोठ्या कंपनीत संगणक अभियंता. मुलांनी आपल्याला ‘कमांडर’ म्हणावे असा त्याचा आग्रह होता. त्याने ब्रश पाण्यात बुडवला आणि माईक तोंडाशी धरूनच मला म्हणाला,

“मामा, तुमचा बेस आधीच डार्क आहे. कलर कमी लागला.”

सभागृह हसले. मुख्याध्यापक हसले. मीही हसलो. हे शेवटचे वाक्य खरे आहे म्हणून लिहितो.

मग तो मुलांकडे वळला. “हा घुसखोर. आणि तुम्ही सगळे फायरवॉल. याला आपल्या स्टेशनमध्ये येऊ द्यायचं नाही.”

प्रत्येक मुलाच्या हातात कागदाचे बोळे दिलेले होते. मी दारापासून व्यासपीठापर्यंत तीनदा चालत यायचे आणि तीनदा पळून जायचे, असे मला सांगितलेले होते. मी तीनदा आलो. तीनदा पळालो. मुले ‘घुसखोर, घुसखोर’ ओरडत होती. एक बोळा डोळ्यावर बसला. मे महिन्याचा उकाडा, घामाने रंग वितळून तोंडात उतरत होता. त्याची चव खडूसारखी होती.

वैशालीच्या मुठीतला बोळा मुठीतच राहिला. ती जमिनीकडे पाहत होती.

या प्रसंगाचे छायाचित्र शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत छापून आले आहे. अर्धे पान. सोबत त्या वेळच्या मुख्याध्यापकांचा लेख. त्यातला मजकूर जसाच्या तसा उतरवतो: ‘आमच्या लाडक्या मामांनी हौसेने परग्रहवासी साकारला. ती भूमिका त्यांनी इतकी रंगवली की शेवटच्या दिवशीची लुटुपुटूची चोरीही स्वतःच्या अंगावर घेतली. त्यांच्या मुलीलाही शाळेने आपुलकीने शिबिरात सामावून घेतले होते.’

सर, तुम्ही आयुष्यभर भाषा शिकवलीत. शब्द कुठे ठेवला म्हणजे काय झाकले जाते हे तुम्हांला उत्तम कळते. म्हणूनच मी हे लिहीत आहे. माझे वय सत्तरीच्या पुढे गेले आहे, आणि माझ्यामागे तुमचाच मजकूर शिल्लक राहावा हे मला मान्य नाही.

पहिली गोष्ट. मी कोणाचा मामा नव्हतो. माझ्या नेमणूकपत्रावर ‘प्रयोगशाळा परिचर’ असे लिहिलेले होते आणि खाली माझे पूर्ण नाव, आडनावासकट. ते आडनाव वाचून आमची वस्ती कोणती, आमची पायरी कोणती, हे शाळेतल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी समजले होते. नंतर ते आडनाव कोणी उच्चारले नाही. मामा म्हणू लागले. त्यात माया असती तर मामाला कधीतरी खुर्ची मिळाली असती. मला अकरा वर्षे दाराबाहेरचे स्टूल होते.

दुसरी गोष्ट. हौस. मी नकार दिला होता. कमांडरने आदल्या दिवशी विचारले तेव्हा मी स्पष्ट म्हणालो होतो की माझी मुलगी शिबिरात आहे, मला हे जमणार नाही. त्यावर मुख्याध्यापकांनी मला कार्यालयात बोलावले आणि म्हणाले, मुलगी शिबिरात आहे म्हणूनच जमवा. याला हौस म्हणतात काय, ते वाचणाऱ्याने ठरवावे.

आणि आपुलकी. शिबिरासाठी चाचणी झाली होती. विरार-वसईच्या शाळांतून मुले आली होती. निकालाची यादी सूचनाफलकावर मी माझ्या हाताने टाचली. पहिले नाव वैशालीचे होते. अध्यक्षांचा नातू एकोणिसावा होता. ज्याला चोवीसांत पहिली जागा मिळाली त्याला कोणी सामावून घेत नसते.

त्या काळात आमच्या फुलपाड्यात गल्लोगल्ली सायबर कॅफे उघडत होते आणि घराघरांत भीती शिरली होती की मुले तिथे काय पाहतात, कोणाशी बोलतात. म्हणून हे उन्हाळी शिबिर. संगणकाची सुरक्षा शिकवायची, आणि मुलांना कंटाळा येऊ नये म्हणून सगळे अंतराळाच्या थाटात. मी खिडक्यांना काळा कागद लावला. छताला थर्माकोलचे ग्रह टांगले. संगणक म्हणजे यान, कक्ष म्हणजे अंतराळस्थानक. मुलांचे चार गट केले: बुध, शुक्र, गुरू, शनी.

इथे एक गोष्ट घडली. शनी गटात मूल घालायला कोणी पालक तयार होईना. एक बाई तर सरळ म्हणाल्या की साडेसाती आम्ही विकत घ्यायला आलो नाही. नाव बदलायचे कोणाला सुचले नाही. सुचले ते एवढेच की ज्यांचे पालक भांडायला येणार नाहीत अशी सहा मुले तिथे घालावीत. वैशाली त्यांत पहिली. वसईच्या होळी गावातल्या भाजीवाडीतली एक मुलगी, मिठागरांकडच्या गावातला एक दांडगा मुलगा, आणि आणखी तिघे. विज्ञान शिकवणाऱ्या शाळेत, अंतराळाच्या शिबिरात, शनीची भीती. स्मरणिकेत हे नाही.

घरी आल्यावर मी वैशालीला विचारले, गट बदलून मागू का. ती म्हणाली, “कशाला, पप्पा? शनीला कडं असतं. बाकीच्यांकडे काय आहे?”

मला वाटले, मुलगी माझ्यापेक्षा उंच झाली.

आता वहीबद्दल सांगितले पाहिजे, कारण सगळे त्या वहीवर येऊन थांबते.

संगणक कक्षाची किल्ली माझ्याकडे असे. किल्ली ज्याने घ्यायची त्याने नोंदवहीत तारीख, वेळ, कारण लिहून सही करायची, असा नियम. धूळ आत जाऊ नये म्हणून पादत्राणे बाहेर काढायची, हा दुसरा नियम. दुसरा सगळे पाळत. पहिला शिक्षक पाळत, मुले पाळत. मोठी माणसे पाळत नसत. अध्यक्ष, समितीचे सभासद, त्यांचे पाहुणे. माझ्या आधीच्या परिचराने मला कामाच्या पहिल्याच आठवड्यात बजावले होते: मोठ्यांपुढे वही धरायची नसते, त्यांना ते शिपायापुढे हजेरी लावल्यासारखे वाटते, आपणच आपली सही ठोकून द्यायची. मी तसेच केले. अकरा वर्षे केले. किल्ली ते घेत, आत ते जात, आणि वहीत नाव माझे उमटे. कोणी मला जबरदस्ती केली नव्हती. ही माझी चूक होती आणि ती मी कोणावर ढकलत नाही. पण त्या चुकीला शाळेत शिस्त म्हणत, हेही विसरू नये.

कमांडरने मुलांना पहिल्याच तासाला जे शिकवले ते मी स्टुलावर बसून ऐकले होते. माणूस खोटे बोलतो, नोंद खोटे बोलत नाही. कोण आत आले, किती वाजता आले, ते यंत्राच्या नोंदीत पाहा. तिच्यावर विश्वास ठेवा, तोंडावर नको. मुलांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतले. वैशालीने त्याखाली लाल रेघ मारली.

शेवटच्या दिवशी स्पर्धा होती. प्रत्येक गटाने आपल्या यानाला एक गुप्त संकेत लावायचा; बाकीच्यांनी तो फोडायचा. संकेत कागदावर लिहून पाकिटात घालून कक्षाच्या कपाटात ठेवलेले, म्हणजे उद्या तंटा झाला तर पडताळा असावा. चारही पाकिटे मी बंद केली. गव्हाच्या पिठाच्या खळीने. मी नेहमी खळच वापरतो. ती मीच शिजवतो, आणि ती वाळली की कागदाशी एकजीव होते, दिसत नाही.

आदल्या दिवशी दुपारी साडेचारला मुले घरी गेली होती. कमांडर आला. बरोबर अध्यक्षांचा नातू, शुक्र गटाचा प्रमुख. “मामा, जरा आतलं चेक करायचंय,” एवढेच म्हणाला आणि हात पुढे केला. मी कक्षाची आणि कपाटाची, दोन्ही किल्ल्या दिल्या. ते आत गेले. दार लोटले. मी स्टुलावर बसून राहिलो. माझ्या पायाशी दोन जोड पादत्राणे होती, त्याचे काळे चामडी बूट आणि मुलाचे पांढरे खेळाचे बूट. वीस मिनिटे मी त्यांची राखण केली. मग वही उघडली, वेळ टाकली, सही ठोकली. माझी.

दुसऱ्या दिवशी शुक्र गटाने तिन्ही याने फोडली. बुध आणि गुरूची पोरे थक्क झाली आणि टाळ्या वाजवू लागली. वैशाली उभी राहिली. तिने हात वर केला, परवानगीची वाट पाहिली, आणि मग बोलली. शनीचा संकेत कोणत्याही शब्दावरून केलेला नाही, तो सहाजणांनी एकेक अक्षर सांगून जोडलेला आहे, तो पहिल्याच फटक्यात लागणे शक्य नाही. पाकीट पाहू द्या.

पाकिटे काढली. मिठागरांकडच्या त्या मुलाने शनीचे पाकीट उजेडाकडे धरले. खळीच्या जागी डिंकाचा चकाकता पट्टा होता. तशा डिंकाची बाटली कक्षात एकच होती, कमांडरच्या टेबलावर, तारे चिकटवायला आणलेली.

“कोनीतरी खोललंय, सर,” तो म्हणाला. “ह्यो डिंक काल नव्हता.”

कोणीतरी. मग मुख्याध्यापक म्हणाले, किल्लीची वही आणा.

वही मीच आणून दिली.

त्यांनी ती सगळ्यांसमोर उघडली. आदल्या दिवसाचे पान. साडेचार. एकच नोंद. माझी सही, ठळक, पूर्ण आडनावासह. कमांडरने ती वाचली. त्याच्या चेहऱ्यावर जे आले ते मी नीट पाहिले. आधी भीती होती. मग सुटका. आणि लगेच त्याने मुलांकडे तोंड केले.

“काय शिकवलं होतं मी? नोंद खोटं बोलत नाही. घुसखोर सापडला.”

मुले हसली. त्यांना ते पहिल्या दिवसाच्या खेळाचे टोक वाटले. तेवीस मुले हसली असे मी म्हणणार नाही. शनीची मुले हसली नाहीत. मुख्याध्यापकांनी मला खिसे उलटे करायला सांगितले. मी केले. विड्यांचे बंडल, एक रुमाल, शिबिराच्या वेळापत्रकाची घडी. त्या घडीत काही लिहिले आहे का तेही त्यांनी उलगडून पाहिले. कानाच्या मागे अजून हिरवा रंग होता, तो चार दिवस निघाला नव्हता. एका पालकबाईंनी तो दुसरीला बोटाने दाखवला.

बुटांच्या त्या दोन जोडांबद्दल मी तेव्हाच बोलायला हवे होते. बोललो नाही. तोंड उघडले आणि आतून फक्त ‘सर’ एवढाच शब्द निघाला. अकरा वर्षांत दुसरा शब्द घडलाच नव्हता.

मुख्याध्यापक मला आणि वैशालीला कार्यालयात घेऊन गेले. कमांडर आला. दार लावले. तिथे मुख्याध्यापक जे बोलले ते त्यांनी कधीच नाकारू नये, कारण ऐकणारी तिघे होती. ते म्हणाले, “तुम्हां लोकांना घरात घेतलं की हे असं होतं.”

तुम्हां लोकांना. कोणत्या लोकांना, सर? परिचरांना? फुलपाड्यातल्यांना? नाही. ज्या आडनावाला तुम्ही अकरा वर्षे मामा म्हणून झाकले होते, ते त्या वाक्यात उघडे पडले.

मी म्हणालो की मुलीसाठी मी पाकिटे उघडली असती तर मुलगी जिंकली असती, ती तर हरली आहे. त्यावर मुख्याध्यापकांनी कोरा कागद पुढे सरकवला. आवाज मऊ केला. घरातले घरात मिटवू. दोन ओळी लिहा, माझ्याकडून चूक झाली, क्षमा असावी. मुलीला प्रमाणपत्र मिळेल. बाहेर खेळातली गंमत म्हणून सांगू.

मी पेन घेतले. हेही लिहून ठेवतो. मी पेन घेतले, टोपण काढले, तारीख घातली.

वैशाली म्हणाली, “पप्पा, ही सही पण तुम्हीच करणार?”

तिने आवाज चढवला नव्हता. रडत नव्हती. तिने मला घरी अनेकदा वहीबद्दल बोलताना ऐकले होते; मी ते हसत सांगत असे, मोठ्या माणसांचे लाड म्हणून. आज तिने ते सगळे एका वाक्यात माझ्यापुढे ठेवले.

टेबलावर नोंदवही उघडी होती. मी पाने मागे चाळली. माझी सही. माझी सही. माझी सही. अध्यक्ष आले तेव्हा माझी. त्यांचे पाहुणे आले तेव्हा माझी. एका सभासदाच्या मुलाने यंत्र बिघडवले त्या दिवशीही माझी. आमच्या वाडवडिलांच्या कमरेला झाडू बांधला होता, स्वतःच्या पावलांची खूण पुसायला. मी अकरा वर्षे त्यांच्या पावलांच्या खुणा पुसत होतो. आणि हा झाडू मी स्वतःच्या हाताने बांधला होता.

मी माफीच्या कागदाची घडी घालून खिशात ठेवली. वही ओढली आणि त्या साडेचारच्या नोंदीखाली लिहिले: ‘वरील वेळी दोन्ही किल्ल्या शिबिरप्रमुखांनी घेतल्या. सोबत शुक्र गटाचा प्रमुख. दोघे वीस मिनिटे आत. बूट बाहेर होते. सही माझी, हात त्यांचा.’ मग वही उचलली, कमांडरपुढे धरली.

“सर, सही करा.”

तो मुख्याध्यापकांकडे पाहू लागला. मुख्याध्यापक माझ्याकडे. मग कमांडर म्हणाला, “तुम्ही कोणाशी बोलताय ते कळतंय का?”

“कळतंय,” मी म्हणालो. “तुम्ही काल किल्ली घेतलीत. ज्याने घेतली त्याने सही करायची. नियम भिंतीवर लावलाय. तुमच्याच शिबिरासाठी मी त्याला नवा कागद लावला.”

त्याने सही केली नाही. पण तो ‘मी किल्ली घेतली नव्हती’ असेही म्हणाला नाही. मुख्याध्यापकांनी ते ऐकले आहे. न बोललेले ऐकायला कान लागत नाहीत.

पुढचे थोडक्यात सांगतो. सुटी संपल्यावर मला लेखी ताकीद मिळाली. तरीही मी पहिल्या दिवसापासून प्रत्येकापुढे वही धरली. एके दुपारी अध्यक्ष स्वतः आले, मी वही पुढे केली. ते सही करायला तयार होईनात आणि मी किल्ली देईना. ते उन्हात उभे राहिले, मीही उभा राहिलो. शेवटी ते परत गेले. आठवड्याच्या आत मला संगणक कक्षातून काढून प्राथमिक विभागाच्या मुताऱ्यांवर नेमले. पदनाम तेच राहिले. निवृत्तीपर्यंत मी तिथेच होतो. तिथे वही नव्हती.

वैशालीला प्रमाणपत्र मिळाले नाही. शनी गटाची बाकीची पाच मुले ‘तिला न देता आम्हांला देताय’ असे म्हणून आपली प्रमाणपत्रे टेबलावर ठेवून गेली, त्यांत तो मिठागरांकडचा मुलगा पहिला होता. स्मरणिकेत हेही नाही. वैशाली पुन्हा संगणकाच्या वाटेला गेली नाही. अकरावीला तिने तो विषय घेतला नाही, मी कारण विचारले नाही. ती आज एका रक्तपेढीत काम करते. बरी आहे. पण जी मुलगी होणार होती ती ही नव्हे, आणि तिला ‘बरे झाले, यातून शिकलीस’ असे सांगणाऱ्या माणसाला मी माझ्या घरात पाणी देणार नाही.

आता शाळेचे निमंत्रण आले आहे. सुवर्णमहोत्सवी समारंभात ‘लाडक्या मामांचा’ सत्कार. शाल, श्रीफळ. प्रमुख पाहुणे तेच, कमांडर. आता ते संस्थेचे विश्वस्त आहेत. निमंत्रण घेऊन आलेला तरुण शिक्षक भला होता. त्याने संकोचून विचारले की काका, तो जुना पोशाख पुन्हा थोडा वेळ घालाल का, मुलांना मजा येईल, फोटो आहेच. त्याला काही माहीत नव्हते. मी त्याला बसवले, चहा दिला, आणि ट्रंकेतून वही काढून दाखवली.

होय, वही माझ्याकडे आहे. निवृत्तीच्या वर्षी शाळेने जुने दप्तर रद्दीत काढले, त्या ढिगातून मी ती वेचून आणली. साडेचारची नोंद आहे. तिच्याखालच्या माझ्या चार ओळी आहेत. आणि त्या ओळींसमोर सहीचा रकाना कोरा आहे. त्यात मी काहीही लिहिलेले नाही. कोणाला लिहू दिलेले नाही.

शिक्षकाने पान वाचले. मग हळूच विचारले, “मग काका, तुम्ही येणार नाही ना?”

मी येणार आहे. माझ्या कपड्यांत. नाव पुकारतील तेव्हा व्यासपीठावर चढणार आहे. शाल खांद्यावर येण्याआधी वही उघडून कमांडरपुढे धरणार आहे, पेनाचे टोपण काढून. म्हणायचे आहे ते तीनच शब्द, त्या दिवशी म्हणालो तेच. हात म्हातारा झाला आहे, पण सही होईपर्यंत तो खाली येणार नाही.